अठरा खिट्ट्या आणि एक दोर

रेणापूर रस्ता, लातूर
२ एप्रिल २००७

मार्तंड,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "क्लास चालू आहे" म्हणतोस, आणि नांदेडात पहाटे पाचपासून क्लास चालूच असतात हे खरं असल्यामुळे मला तुला खोटारडाही म्हणता येत नाही. म्हणून पत्र. ते मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच. पंचवीस वर्षं पोरांना मराठी शिकवून मनुष्यस्वभावाबद्दल मला एवढंच कळलं आहे.

विषय गोठ्याचा आहे. सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं आहेत, अठरा म्हशी दोघांच्या आहेत, आणि गोठ्याला हात लावायचा तर तुझा होकार लागतो. तो मागायला हे पत्र लिहीत आहे. इतर कुठल्याही कारणाने लिहीत नाही, हे वाचून तुला बरं वाटेल.

मार्चमधल्या अवकाळीत शेजारच्या अमृतरावांच्या गोठ्याचे अकरा पत्रे उडाले. नऊ रानात सापडले. एक विहिरीत सापडला. अकरावा त्यांच्या जर्सी गाईच्या मागच्या पायाच्या फऱ्यात सापडला. अमृतराव मला म्हणाले, "मुनीब सर, पुढचा नंबर तुमचा. तुमचं छप्पर तर माझ्याहून हलकं." ते सांत्वन घ्यायला आले होते की द्यायला, ते नीट कळलं नाही.

पण बोलले ते बरोबर. आपलं छप्पर हलकं आहे कारण ते तू बांधलंस. भूकंपात तुझी आई घराच्या मातीच्या धाब्याखाली गेली, आणि पुढल्या सोप्यात दावणीला बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. त्यानंतर तू दोन गोष्टी ठरवल्यास. डोक्यावर वजन ठेवायचं नाही, आणि जनावर असं बांधायचं की क्षणात सुटलं पाहिजे. म्हणून पातळ पत्रे, बारीक लाकडं, तारेची बांधणी. म्हणून तो तुझा दोर. अठरा दाव्यांना अठरा खिट्ट्या, सगळ्या खिट्ट्या एका दोरात ओवलेल्या, दोर दाराशी टांगलेला. एक हिसडा दिला की सगळी दावण मोकळी होते. फिजिक्सच्या मास्तराने जन्मात केलेलं हे एकच उपयोगी काम, असं मी तेव्हा म्हणालो होतो, आणि तू हसला होतास. दोराला मी हात लावणार नाही.

पण छपराचं काय? ते पडलं तर त्याखाली कुणी मरणार नाही, मान्य. ते पडणारच नाही. ते उडेल, आणि कुठे जाऊन कुणाला कापेल त्याचा नेम नाही. दोन वर्षांपूर्वी म्हणूनच मी त्यावर दगड ठेवले होते. या जिल्ह्यात जो तो पत्र्यावर दगड ठेवतो. तू शिडी लावून वर चढलास आणि एकेक दगड खाली भिरकावलास. त्यावर मी जे बोललो ते बोललो. तू त्याच संध्याकाळी नांदेडची एस.टी. धरलीस. त्या बोलण्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन. आज फक्त गोठा.

या वेळी दगड नाहीत. पत्रे हुकांनी लोखंडी पाइपाला आवळायचे, खांब काँक्रीटमध्ये बसवायचे, आणि छपरावरून तीन ठिकाणी तारेचा जाड दोर नेऊन दोन्ही बाजूंना जमिनीत पुरलेल्या ठोकळ्यांना ताणायचा. वजन सगळं मातीखाली. डोक्यावर खडाही नाही.

सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड जोडलं आहे. त्यावर फक्त "हो" किंवा "नाही" लिही. शाई वाया जाणार नाही याची काळजी घेतली आहे.

मुनीब

*

२१ एप्रिल

मार्तंड,

कार्ड आलं नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं कायद्यात नसतं, पण गुरुबसप्पा वेल्डरच्या डायरीत असतं. त्याने तारीख दिली होती. ती चुकवली असती तर पुढची दिवाळीनंतरची मिळाली असती. काम सुरू केलं.

गुरुबसप्पाला सध्या मरायला फुरसत नाही. लातुरात जो तो आपल्या घरावर मजला चढवून खोल्या पाडतो आहे आणि दर खोलीत चार लोखंडी पलंग ठेवतो आहे. चौदा वर्षांपूर्वी हेच गाव महिनाभर अंगणात झोपत होतं. घरात पाऊल टाकायचं म्हटलं तर बायाबापड्यांना घाम फुटायचा. आता त्याच गावात चौथ्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत, बिदरपासून किनवटपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला राहिली आहेत. त्यांना रोज सकाळी आपलं दूध जातं. तेव्हा मी फार बोलू नये. तूही बोलू नकोस. नांदेडात तू वेगळं काही करतोस असं ऐकिवात नाही.

गुरुबसप्पा निलंग्याकडचा, वाद घातल्याशिवाय खिळा ठोकत नाही.

"सर, वजन वर पायजे," तो म्हणाला. "खाली पुरून काय उपेग? वारा काय जमिनीतून येतो का?"

"खालूनच येतो. पत्र्याच्या पोटात शिरतो आणि वर उचलतो."

"कुणी सांगितलं?"

"मार्तंड सरांनी."

"ते तर नांदेडला हायत."

"दोन वर्षांपूर्वी सांगितलं. छपरावर उभं राहून. दगड फेकता फेकता."

त्याने मान वर करून पत्र्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. पण मग भांडले कशापायी?"

मी हुक मोजत बसलो.

इतर तयारी अशी. कडुनिंबाची गोठ्याकडे झुकलेली फांदी उतरवली. कडब्याच्या गंजीवर शाळेतली जुनी क्रिकेटची जाळी टाकून चारी बाजूंनी मेखा ठोकल्या. रिकामे पिंप, घमेली, दुधाचे कॅन, जे जे उडू शकतं ते ते खोलीत घातलं. पाण्याचा हौद रोज संध्याकाळी काठोकाठ भरतो, कारण वारं सुटायच्या आधी वीज जाते आणि मग मोटर म्हणजे नुसतं लोखंड. म्हशी पांगल्या तर ओळखता याव्यात म्हणून शिंगांवर लाल रंगाने आकडे घातले. ते बघून माझी आई म्हणाली, "रोल नंबर दिया क्या रे भैंसों कू? अब ट्यूशन कब से?" हुसेनबी अठ्ठ्याहत्तरची झाली, पण जिभेला गंज नाही. माझी कुठून आली ते तुला माहीत आहे.

एक नंबर अर्थातच मास्तरणीला. अजून तशीच बघते, वर्गात कुणीतरी बोललं आहे आणि तिला नाव कळलं आहे, अशी. तू गेल्यापासून दूध थोडं कमी देते. यातून काही अर्थ काढू नकोस, तिचं वय झालं आहे.

तालुक्याहून आपत्तीची पुस्तिका आणली. "वादळाची सूचना मिळताच जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत." सुरक्षित स्थळ कोणतं ते मागच्या पानावर असेल म्हणून पान उलटलं. मागच्या पानावर एका क्लासची जाहिरात होती.

लोखंडी अँगल ऐनवेळी कमी पडले. घरचेच निघाले, भागलं.

मुनीब

*

९ मे

मार्तंड,

छप्पर पूर्ण. अमृतराव बघायला आले, पत्र्याला लोंबकळून पाहिलं. त्यांचं वजन तुला आठवत असेल. पत्रा हलला नाही.

गुंडप्पाने एक शंका काढली. हा गडी तुझ्याच गावचा, तुझ्याबरोबर त्याच मातीच्या ढिगातून निघालेला, म्हणून प्रत्येक गोष्टीत आधी "सर काय म्हणले असते" हे बघतो. सर म्हणजे तू. मी समोर उभा असलो तरी. त्याची शंका मी निकालात काढली. तपशिलात जाण्यासारखं काही नाही.

रोज दुपारी चारनंतर पश्चिमेला ढग चढतात, थोडी धूळ उडवतात आणि जातात. आमची तयारी पाहून बिचकत असावेत.

कार्डाची वाट पाहणं सोडलं आहे. तरी पोस्टमन दिसला की मी फाटकाशी असतो, तो योगायोग.

मुनीब

*

१७ मे

मार्तंड,

परवा मंगळवारी वादळ झालं. पेपरात आलंच असेल. तुला आपल्याकडचं नीट कळावं म्हणून क्रमाने लिहितो.

साडेतीनला आभाळ पिवळं झालं. चारला वारं. आधी सरळ वारं होतं, मग अमृतरावांच्या रानातून भोवरा उठला. धुळीचे भोवरे आपण उन्हाळाभर बघतो, हा तसला नव्हता. याने त्यांचं उभं डाळिंब उपटलं. रस्त्याकडेचा एका क्लासचा फलक, तोच तो चाळीस गुणवंतांच्या चेहऱ्यांचा, सांगाड्यापासून फाटला आणि आपल्या हौदावर येऊन पसरला. मागून गारा. लिंबाएवढ्या म्हणतात, मी लिंबू लावून पाहिलं नाही, पण मोटरच्या खोलीची कौलं गेली.

गोठ्याचा एक पत्रा उडाला नाही. एक हुक सुटला नाही. तारेचे तिन्ही दोर सतारीसारखे वाजत होते, पण ठोकळे जागचे हलले नाहीत. हे मुद्दाम लिहितो.

तीन म्हशी गेल्या. सात नंबर, बारा नंबर आणि मास्तरीण.

दोर ओढला गेला. छपराच्या आत वारं घुसलं की पत्रे थडथडतात, खांब गुरगुरतात, पायाखालची जमीनही थरथरल्यासारखी होते. गुंडप्पाला वाटलं, तेच आलं. त्याने दोर ओढला. त्याला बोल लावता येत नाही. ज्याने ते एकदा पाहिलं आहे त्याचा हात दोराकडे जाणारच. तिथे विचार वगैरे होत नाही. दोर ओलसर असतो, काथ्याचा असतो, हिसडा दिला की तळहाताची साल घेऊन जातो, तेही नंतर कळतं.

अठराच्या अठरा बाहेर पळाल्या. उघड्यावर गारांचा मार, म्हणून रस्त्याकडेच्या चिंचेखाली जाऊन दाटल्या. चिंचेवर वीज पडली. ज्या बुंध्याला खेटून होत्या त्या तीन जागीच गेल्या. बाकीच्या आडव्या झाल्या होत्या, पण उठल्या. पाठीवर गारांच्या गाठी, दोघींची शिंगं मोडली. दहा नंबर गाभण आहे, ती धड आहे. डॉक्टर येऊन गेले. पंचनामा झाला.

गोठ्यात राहिल्या असत्या तर अठराही जगल्या असत्या. हे तुला टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. झालं ते असं झालं.

मास्तरणीला चिंचेपलीकडे पुरलं. जेसीबी अमृतरावांनी आणला.

मुनीब

*

२९ मे

मार्तंड,

तुझं कार्ड काल आलं. माझंच कार्ड होतं, मी जोडलेलं. त्यावरचं माझं नाव खोडून तू गुंडप्पाचं घातलं आहेस. गुंडप्पाला वाचता येत नाही, हे तू विसरलास की तुझ्या ध्यानात होतं, मी ठरवू शकत नाही. तो धारा आटोपून कार्ड घेऊन माझ्याकडे आला.

"सर, बगा बरं, काय हाय. सरांचं अक्षर दिसतंय."

मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस, "गुंडप्पा, दोर ओढलास ते बरोबर केलंस. मी असतो तर मीही ओढला असता. म्हशी गेल्या त्याचा जीवाला घोर लावून घेऊ नकोस. मुनीब सर काही लागट बोलले तर मनावर घेऊ नकोस, त्यांना ते कळत नाही. मला कळव. मार्तंड."

गुंडप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"सर, पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं.

"म्या कवा वढला दोर?" तो म्हणाला. "म्या तर त्या दिशी पेंड आणाया रेणापूरला गेलतो. तुमीच धाडलं. म्या आलो तवा म्हशी चिंचंखाली पडलेल्या, अन् तुमी हौदापाशी बसलेले."

"हो."

"मंग सरांना कुणी सांगितलं, म्या वढला म्हणून?"

त्याने कार्ड माझ्या हातून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत माझ्याच हातात ठेवलं.

"मंग हे तुमचं हाय," तो म्हणाला. "ठिवून घ्या. माझ्या नावावर लई चांगलं लिवलंय, पण म्या काय केलं न्हाई." आणि वैरण टाकायला गेला. रागावला असता तर बरं झालं असतं. मला रागावलेल्या माणसाशी बोलायची सवय आहे.

तर दोर मी ओढला.

मी गोठ्यातच होतो. मुद्दाम थांबलो होतो, छप्पर कसं टिकतं ते बघायला. तुला सविस्तर लिहायचं होतं मला, प्रत्येक हुकाचं. वारं आत शिरलं, सगळे पत्रे एकदम थडथडले आणि खांबांतून तो आवाज आला. तू दहादा सांगितला होतास तो आवाज. मालगाडी पायाखालून जाते तसा, म्हणायचास. भूकंपाच्या रात्री तू गावी गेला होतास, मी इथे शहरात होतो. भिंतीला एक चीर पडली, एक आरसा फुटला, एवढाच माझा भूकंप. त्यामुळे तुझ्या त्या मालगाडीची मी एकदा स्टाफरूममध्ये नक्कलही केली होती. त्या दिवशी मी डोळ्यांनी बघत होतो की पत्रे जागच्या जागी आहेत. मला माहीत होतं की हे वारं आहे. माझाच हुक, माझाच ठोकळा. आणि तरी माझा हात दोराला गेला आणि मी अंगातल्या सगळ्या बळाने ओढला. ओढताना मी ओरडलोसुद्धा. काय ओरडलो ते आई सांगते, तिला घरापर्यंत ऐकू आलं. "निकलो, निकलो" असं. म्हशींना. उर्दूत.

उजव्या तळहाताची साल गेली आहे, म्हणून अक्षर असं आहे. मागच्या पत्रात ते "गुंडप्पाला" लावून दिलं होतं. हात तेव्हाही माझाच दुखत होता.

आता अँगलचं.

तुझी तयारी नुसत्या दोराची नव्हती. दोर ओढल्यावर म्हशी कुठे जातील, याचाही तू विचार केला होतास. गोठ्याच्या दारापासून मागच्या मोकळ्या रानापर्यंत तू कुंपण घातलं होतंस, अठ्ठावीस अँगलचं, तारेचं. आत एक झाड ठेवलं नव्हतंस. बोरीचं एक होतं तेही काढलंस, आणि मी त्यावर इथल्या एका साप्ताहिकात विनोदी टिपण लिहिलं होतं. सुटलेली म्हैस त्या वाटेने रानात जाणार, आणि जिथे डोक्यावर काही नाही अशा ठिकाणी उभी राहणार. चिंचेकडे जायला वाटच नव्हती.

एप्रिलमध्ये अँगल कमी पडले तेव्हा मी ते कुंपण उपटलं. अठ्ठावीसही. "घरचेच निघाले" असं लिहिलं ते हे. आज ते छपराखाली पाइपांना जोडलेले आहेत आणि उत्तम काम करतात. गुंडप्पाची शंका हीच होती. "सर, मोकळं सोडायची पाळी आली तर जनावर कुठं जाईल?" मी त्याला म्हणालो, "माझं छप्पर असताना पाळी येणार नाही."

तुझी तयारी पुरी ठेवली असती तर म्हशींना गारा लागल्या असत्या, पण वीज लागली नसती. माझ्या तयारीवर मी विश्वास ठेवला असता तर गारासुद्धा लागल्या नसत्या. मी तुझं कुंपण मोडून माझं छप्पर बांधलं, आणि वेळ आल्यावर माझं छप्पर सोडून तुझा दोर ओढला. हे करायला दोन मूर्ख लागतात. मी एकट्याने निभावलं.

राहिलं ते दोन वर्षांपूर्वीचं बोलणं.

तू छपरावर होतास. हातात शेवटचा दगड होता. म्हणालास, "माझ्या जनावरांच्या डोक्यावर दगड ठेवतोस?" खाली गुंडप्पा होता, अमृतराव होते, दुधाचा टेम्पोवाला होता. चार माणसं ऐकायला असली की मला काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, "दोन दगडांना भितोस, आणि आईच्या डोक्यावर दरसाल घमेली घमेली माती कुणी चढवली?"

धाबं गळू नये म्हणून मृगाआधी प्रत्येक घरातला मुलगा वर माती टाकतो. माय शिडी धरते. सगळ्या गावाने तेच केलं, शंभर वर्षं केलं. तूही केलंस, चांगला मुलगा होतास म्हणून केलंस. नोकरी लातुरात असूनही त्या एका कामासाठी रजा टाकून जायचास. हे मला माहीत होतं. तूच मला सांगितलं होतंस, भूकंपानंतरच्या डिसेंबरात, एकदाच. ते मी बारा वर्षं जपून ठेवलं आणि टेम्पोवाल्यासमोर काढलं. वाक्य चांगलं होतं. टेम्पोवाला हसला.

माफी मागतो असं लिहिलं तर ते अर्जासारखं दिसेल. आणि माझी माफी विनोदासारखी ऐकू येते, हे आईचं मत आहे. तेव्हा एवढंच लिहितो की त्या दिवसापर्यंत मला तो आवाज कळत नव्हता. मालगाडी पायाखालून जाते तेव्हा माणूस बरोबर-चूक बघत नाही, जवळ जो दोर असेल तो ओढतो. तुझ्या जवळ तेव्हा दोर नव्हता. मोकळ्या हातांनी तू आईच्या अंगावरची तुझीच माती उपसलीस. मी नक्कल केली.

गुंडप्पाला मी सगळं सांगितलं आहे. तो म्हणाला, "मंग हे सरांना लिवा." म्हणून लिहिलं.

पंधरा म्हशी आहेत. रोहिण्या लागल्या आहेत, अजून पंधरा दिवस वादळाचे आहेत. दोर ठेवायचा की सोडवून टाकायचा, मला ठरवता येत नाही. ठेवला तर मी पुन्हा ओढीन. आता मला माझी खात्री नाही. काढला आणि खरंच तो दुसरा आवाज आला तर? अर्धा गोठा तुझा आहे. तू सांग.

मुनीब

*

५ जून

मार्तंड,

शनिवारी मी बँकेत गेलो असताना तू येऊन गेलास. तुला माझी बँकेची वेळ अजून पाठ आहे तर.

आईने मला सगळं सांगितलं, म्हणजे तिला सांगावंसं वाटलं तेवढं. "आया था. दो कप चाय पिया. दुबला हो गया. वो नांदेड में खाना नै मिलता क्या?"

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नै."

"काहीच नाही?"

"पूछा ना. हात कैसा है, पूछा."

मग म्हणे तू गुंडप्पाला घेऊन मागच्या रानात गेलास, चुन्याच्या फक्कीचं पोतं मागवलंस आणि वाकून वाकून पांढरी रेघ मारलीस. दोराजवळ उभा राहिलास आणि त्याला हात न लावता निघून आलास. गुंडप्पा म्हणतो, "सर म्हणले, आधी कुंपण हूं दे. मंग दोराचं बगू." एवढ्या दोन वाक्यांचा निरोप त्याने मला तीनदा सांगितला, दर वेळी तुझ्या आवाजात.

अँगल नवे आणले. छपराचे काढले नाहीत. आज सकाळपासून गुंडप्पा, मी आणि अमृतरावांचे दोन गडी रेघेवर खड्डे खणत आहोत. माझा उजवा हात अजून पहार धरत नाही, म्हणून मी देखरेख करतो, जिचा उपयोग नाही असं सगळ्यांचं मत आहे. तुझी रेघ चिंचेपासून चांगली वीस पावलं आतून जाते. दाराशी तू ती थोडी फाकवली आहेस, घाईत निघालेल्या जनावराला वळायला जागा हवी म्हणून. माझ्या हे डोक्यात आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत सत्तावीस झाले. पश्चिमेच्या कोपऱ्यावर मात्र तुझी रेघ तुटते. दोन्ही टोकं एकमेकांपासून चार हात लांब थांबली आहेत. फक्की संपली की तुझी बस निघाली, की तिथे काही वेगळं योजलं आहेस, गुंडप्पाला ठाऊक नाही. तो म्हणाला, "सर, अंदाजानं घेऊ का? सरळ तर जोडायचं हाय."

सरळच जोडायचं असणार. मलाही दिसतं. पण अंदाजाने मी या रानात बरंच काही करून बसलो आहे.

तेवढा एक खड्डा खणलेला नाही. रविवारी तुझे क्लास नसतात.

मुनीब